अंजनेरीच्या वाऱ्यात हात देणाऱ्यांचे आभार

जानेवारीतल्या त्या पहाटे मी हातातला वारामापक घेऊन अंजनेरीच्या पठारावर उभा होतो. उंची सुमारे १३०० मीटर, आडोशाला एक झाड नाही. खाली नाशकात पानही हलत नव्हतं; वर वारा कानात नुसता घुमत होता. मारुतीच्या जन्माचा डोंगर मानतात हा, पवनपुत्राचा. त्या सकाळी ते मनापासून पटलं.

तापमान ८ अंश, वारा ताशी ४० किलोमीटर. अशा वाऱ्यात उघड्या कातडीला ३ अंशांची थंडी जाणवते, कारण अंगाभोवतीचा उबदार हवेचा थर वारा टिकूच देत नाही. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो, हे मी वर्गात कित्येकदा शिकवलंय. एका झोतासरशी तोल गेला, घोटा मुरगळला, तेव्हा ते अंगावर शिकलो.

गुरं घेऊन आलेल्या दादांनी स्वतःच्या खांद्यावरचं घोंगडं मला गुंडाळलं. ते स्वतः सदऱ्यावर होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. दोन कॉलेजच्या पोरांनी आधार देत पायऱ्या उतरवल्या, माझी नोंदवहीसुद्धा शोधून आणली. पायथ्याच्या मावशींनी चुलीजवळ बसवून गवती चहा पाजला, पैशांना हात लावला नाही.

तुमची नावं विचारायची राहिली. दादा, घोंगडं धुऊन ठेवलंय. पाय बरा झालाय. येत्या रविवारी घेऊन येतो.