मॉडेल टी उभी राहिली, मंडळी थँक्यू!

१९१५ च्या फोर्ड मॉडेल टी गाडीची १:१६ स्केलची (म्हणजे लांबी-रुंदी खरीच्या सोळाव्या भागाएवढी) छोटी प्रतिकृती एकदाची पूर्ण झाली, आणि ती माझ्या एकट्याच्या जिवावर झालेली नाहीये. खऱ्या गाडीखाली झोपून ज्यांनी चॅसिसची (गाडीच्या खालच्या सांगाड्याची) मापं काढून दिली त्यांचे आभार सगळ्यात आधी, कारण १०० इंचाचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) कुठेही वाचायला मिळतो पण पुढची-मागची आडवी स्प्रिंग नेमकी कशी बसते ते फोटोत धड दिसतच नाही. चाकाच्या १२ लाकडी आऱ्या जिगमध्ये (तुकडे जागेवर पकडून ठेवणाऱ्या साच्यात) धरून चिकटवायच्या ही आयडिया ज्यांची, त्यांना तर साष्टांग नमस्कार! रेडिएटरसाठी पितळेचा पातळ पत्रा देणाऱ्यांनाही थँक्यू. आणि गाडीला लाल रंग देण्यावरून माझ्याशी भांडलात ते बरंच केलंत, १९१४ ते १९२५ ही गाडी फक्त काळ्याच रंगात यायची 😄