'अँटीक'ला ग्रीकमध्ये एक शब्द पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत 'अँटीक'ला ग्रीक भाषेत 'आर्हेओ' म्हणतात, असे वाचले. शब्द खरा, पण जागा चुकली. 'आर्ही' म्हणजे आरंभ. त्यावरून 'आर्हेओ' म्हणजे प्राचीन. 'आर्किऑलॉजी' याच कुळातली. अथेन्सच्या अ‍ॅक्रॉपोलिस टेकडीवरचा दगड 'आर्हेओ', पणजोबांचे घड्याळ नव्हे. हा फरक तिथे कायद्यातही आहे. ग्रीसच्या २००२च्या कायद्यानुसार १८३०पर्यंतच्या सांस्कृतिक वस्तू प्राचीन ठरतात आणि त्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत.

घड्याळाला, जुन्या खुर्चीला ग्रीक माणूस 'अंदीका' म्हणतो. हा शब्द इटालियनमधला. जुन्या वळणाच्या माणसालाही चेष्टेने 'अंदीका' म्हणतात. जुने सामान घेत गल्लोगल्ली फिरणारा तो 'पल्यात्झीस'. त्यातला 'त्झीस' तुर्कीतून आलेला, म्हणजे आपल्या 'तोफची'तलाच प्रत्यय!

पण पत्र लिहायला बसलो ते तिसऱ्या शब्दासाठी: 'किमिलिओ'. ठेवलेले असणे, या अर्थाच्या क्रियापदावरून तो आला. 'इलियड' या प्राचीन ग्रीक महाकाव्यात युद्धात पकडला गेलेला आद्रेस्तस जीवदान मागताना सांगतो, की वडिलांच्या घरी कांसे, सोने, मेहनतीने घडवलेले लोखंड असे पुष्कळ काही ठेवलेले आहे. तिथे हाच शब्द येतो. आजही ग्रीक घरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वस्तूला 'किमिलिओ'च म्हणतात. मराठीत याला नेमका शब्द आहे: ठेवणीतली वस्तू. दोन्ही भाषांना मुळात 'ठेवणे'च सुचावे, याचा मला फार आनंद झाला.

आमच्याकडे आजीचे तांब्याचे घंगाळ होते. एक कडी सैल झालेली, काठावर टिंबाटिंबांनी कोरलेले: 'चि. सौ. कां. हिस आत्याकडून, १९४१'. मधले नाव घासून घासून पुसट झालेले. गेल्या दिवाळीत घर आवरताना एक विक्रेता 'अँटीक पीस आहे, भाव चांगला देतो' म्हणाला आणि आम्ही ते देऊन बसलो. त्या वेळी घरातले कोणी 'अहो, ते ठेवणीतलं आहे' एवढेच म्हणाले असते, तर माझा हात थांबला असता.

म्हणून विनंती, की पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी. उत्खननातल्या वस्तूला 'पुरावशेष' म्हणा, दुकानातल्या वस्तूला 'अँटीक' चालेल; पण घरच्या वस्तूला 'ठेवणीतली'च लिहा.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली