बुलपेनमधला डावखुरा

चार्ल्स्टन, वेस्ट व्हर्जिनिया

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वहिनींची प्रकृती सुधारते आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. पत्राच्या शेवटी तू सहज विचारलेस, ‘तो रिंकू सिंग बेसबॉलमध्ये काही चमकला नाही ना?’ हे वाक्य आठ दिवस माझ्या मनातून जात नाही. त्या मुलाला मी इथल्या मैदानावर पाहिले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रिंकू भदोही जिल्ह्यातल्या गोपीगंजचा, ट्रकचालकाचा मुलगा आणि मुळात भालाफेकपटू. २००८ साली ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाच्या स्पर्धेतून भारतात बेसबॉलसाठी वेगवान हात शोधला गेला, तेव्हा आयोजकांची भिस्त आपल्या क्रिकेटमधल्या वेगवान गोलंदाजांवर होती. सुमारे ३७ हजार मुलांमधून पुढे आले ते मात्र दोन भालाफेकपटू, रिंकू आणि दिनेश पटेल. मला यात नवल वाटत नाही. चेंडू टाकताना कोपर वाकवून सरळ केले की आपल्याकडे पंच ‘फेकी’ म्हणून नो-बॉल देतात, आणि पिचरची, म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजाची, सगळी विद्या नेमकी त्या कोपरात असते. ताशी १४० किलोमीटर वेगाने चेंडू फेकून रिंकूने एक लाख डॉलर जिंकले, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात पिचिंगचे प्रशिक्षक टॉम हाउस यांच्या हाताखाली दोघांनी पहिले धडे गिरवले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेजर लीग या सर्वोच्च स्तरावरच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने दोघांशी करार केला. वर्तमानपत्रांतली गोष्ट साधारण इथे संपली. कारकीर्द त्यापुढे सुरू झाली.

पायरेट्सचा करार म्हणजे पायरेट्सच्या मुख्य संघात जागा नव्हे. मुख्य संघाखाली मायनर लीगची मोठी शिडी असते आणि ती पायरी-पायरीने चढावी लागते. ४ जुलै २००९ रोजी हे दोघे अमेरिकेतल्या व्यावसायिक सामन्यात उतरलेले पहिले भारतीय ठरले, ते सर्वांत खालच्या पायरीवर, फ्लोरिडातल्या गल्फ कोस्ट लीगमध्ये. दिनेशला २०१० अखेर मुक्त करण्यात आले. रिंकू पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावच्या संघात खेळला, हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्येही जाऊन आला आणि मग आमच्या गावच्या वेस्ट व्हर्जिनिया पॉवर संघात दाखल झाला. त्या काळी या पायऱ्यांवर पगार महिन्याला अकराशे डॉलरच्या आसपास, तोही हंगामाच्या महिन्यांपुरताच मिळे. इतक्या पैशांत एकेका खोलीत तिघे-चौघे दाटीवाटीने राहत. मायनर लीगचे खेळाडू संघटनेत आले २०२२ मध्ये, आणि २०२३ च्या करारानंतर याच पायरीवरच्या मुलाला वर्षाला किमान २६,२०० डॉलर मिळू लागले. रिंकूच्या वेळी यातले काहीच नव्हते.

त्यात तो रिलीफ पिचर, म्हणजे सामना चालू असताना मधेच आणला जाणारा. सामना सुरू करणाऱ्या पिचरला आपला दिवस आधीपासून ठाऊक असतो, त्या हिशेबाने तो झोपतो, जेवतो. रिलीफ पिचरने बुलपेनच्या, म्हणजे पिचर हात तापवतात त्या जागेच्या, बाकावर बसून राहायचे. फोन वाजला की उठायचे, पंधरा-वीस चेंडू फेकून हात तापवायचा, आणि बऱ्याचदा ‘राहू दे’ असा निरोप आला की तो तापलेला हात घेऊन पुन्हा बसायचे. बोलावणे येते तेव्हा बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यांवर, बहुधा आधीच्या पिचरने पोहोचू दिलेली समोरच्या संघाची माणसे असतात. त्यांनी धाव पुरी केली तर ती आधीच्या पिचरच्या नावावर लागते, पण शिव्या यालाच खाव्या लागतात.

२०१२ च्या उन्हाळ्यात मी तीनदा मैदानावर गेलो. इथे एक जुना प्रेक्षक खऱ्याखुऱ्या टोस्टरवर पाव भाजत बसतो आणि पाहुण्या संघाचा फलंदाज स्ट्राइकआउट झाला, म्हणजे पिचरने त्याला थेट बाद केले, की ते टोस्ट प्रेक्षकांत भिरकावतो. पोरे त्यांच्यासाठी धडपडत असतात. मी मात्र बुलपेनकडे डोळे लावून बसलो होतो. पहिल्या दोन्ही वेळा रिंकू उठलाच नाही. डाव्या हातावर जाकीट ओढून तो शेवटपर्यंत बसून होता. तिसऱ्या खेपेस फोन वाजला. त्याने जाकीट काढून नीट घडी घालून बाकावर ठेवले, चेंडू हातमोज्यात दोन-तीनदा फिरवून शिवण बोटांखाली आणली आणि घाई न करता, मान खाली घालून माउंडपर्यंत, म्हणजे पिचरच्या उंचवट्यापर्यंत, चालत गेला. सांगलीच्या मैदानावर तू यष्टीमागून मला ‘सावकाश, सावकाश’ म्हणायचास, ते अगदी कानात ऐकू आले.

आता आकडे बघ. २००९ मध्ये दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, त्याच्या नावावर जवळपास सहा धावा लागत होत्या. २०१२ मध्ये तो ३९ सामन्यांत ७२ इनिंग टाकून आला आणि हेच प्रमाण बरोबर तीनवर आले. समोरचे फलंदाज चौथ्या-पाचव्या वर्षापासून हा खेळ खेळलेले होते, आणि याने बेसबॉल हातात घेतला तो विशीच्या उंबरठ्यावर. चार वर्षांत धावा निम्म्यावर आणणे याला चमकणे म्हणत नसतील, तर तो शब्द मला नको.

पुढे हाताने दगा दिला. २०१३ चा हंगाम दुखापतीत गेला आणि मग कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. तीत फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी शरीरातलीच दुसरीकडची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) बसवतात, आणि हात पुन्हा फेकण्याजोगा व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते. त्यातून पायरेट्सच्या कुठल्याही संघासाठी तो पुन्हा अधिकृत सामना खेळू शकला नाही. मला त्याचे फार वाईट वाटते. त्याला वरची पायरी मिळायला हवी होती, कारण तो डावखुरा होता, आणि त्या काळी अवघ्या एका डावखुऱ्या फलंदाजासाठीही डावखुरा पिचर आणला जाई. मेजर लीगमध्ये पिचरने किमान तीन फलंदाजांना सामोरे जाण्याचा नियम त्यानंतर, २०२० मध्ये आला. २०१८ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये कुस्तीसाठी गेला आणि लोक आता त्याला ओळखतात ते त्या आखाड्यामुळे.

पत्रासोबत एक बेसबॉल पाठवतो आहे. आपल्या चेंडूपेक्षा तो थोडा हलका आहे आणि शिवण सरळ न जाता नागमोडी फिरते. वहिनींना बरे वाटले की अंगणात चिरंजीवाला अठरा मीटरवर उभा कर, कोपर वाकवून जोरात फेकायला सांग आणि तू पूर्वीसारखा उकिडवा बसून झेल.

तुझा,
अविनाश