बालरुग्णालयाआधी ‘रेफर’च्या नोंदी तपासा

महोदय,

मराठवाड्याला स्वतंत्र बालरुग्णालय हवे, ही मागणी रास्तच आहे. पण ते कुठे, किती खाटांचे आणि कशासाठी, हे नुसत्या लोकसंख्येवरून ठरत नाही. आधी आठही जिल्ह्यांतील एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचे विशेष कक्ष) आणि बालविभागांतून ‘रेफर’ झालेल्या, म्हणजे पुढच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलेल्या मुलांची यादी एकत्र करावी. मूल कोणत्या तालुक्यातले, वय, वजन, पुढे का पाठवले, किती वाजता निघाले, किती वाजता पोहोचले आणि शेवटी काय झाले, एवढे रकाने पुरेत.

यात दोन घोटाळे हमखास होतात. किनवटचे बाळ नांदेडला आणि तिथून हैदराबादला गेले, की ते तीन ठिकाणी तीनदा मोजले जाते. आईचे नाव आणि जन्मतारीख जुळवून ही दुबार नोंद काढावी लागते. उलट ‘डामा’ घेऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलेले मूल कुणाच्याच मोजणीत उरत नाही. त्या घरी आशाताईंना पाठवून चौकशी करायलाच हवी.

मोजणी पूर्ण वर्षाची हवी. पावसाळ्यानंतर डेंग्यूने खाटा भरतात, फक्त उन्हाळ्यातल्या मोजणीत ते दिसतच नाही. बीडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीनंतर कारखान्यांवर जातात. त्यांची आजारी मुले कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकातल्या दवाखान्यांत नोंदली जातात आणि बीडचा आकडा खोटाच कमी दिसतो.

2011 च्या जनगणनेनुसार मराठवाड्याची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 87 लाख होती. हजारी 15 जन्मदर धरला तर वर्षाला पावणेतीन लाखांवर बाळे जन्मतात. हजारी 8 बाळांना जन्मजात हृदयदोष असतो, म्हणजे सुमारे सव्वादोन हजार. त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्शाला पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तत्सम उपचार लागतात. बालहृदय शस्त्रक्रियेचे एक चांगले केंद्र विभागातच असावे, असे आमचे ठाम मत याच हिशेबातून झाले आहे. न्यूमोनिया, झटके, जन्मतः न रडलेले बाळ यांसाठी मात्र संभाजीनगरला बांधलेली इमारत माहूर-किनवटच्या उपयोगाची नाही. त्यासाठी नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथले कक्षच सक्षम करावे लागतील.

आणि खाट म्हणजे परिचारिका. व्हेंटिलेटरच्या 10 खाटांना प्रत्येक पाळीत 10, तीन पाळ्यांना 30. साप्ताहिक सुट्टी आणि रजा धरून 40 च्या वर पदे लागतात. ती भरली नाहीत तर यंत्रे प्लास्टिकच्या आवरणातच राहतात, किंवा एका वॉर्मरवर (बाळाला ऊब देणाऱ्या यंत्रावर) दोन बाळे ठेवावी लागतात आणि जंतुसंसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

वाहतुकीचेही तसेच. पोहोचल्यावर बाळाचे तापमान 36.5 अंश सेल्सिअसखाली असेल, रक्तातली साखर उतरलेली असेल, तर बिघाड अनेकदा रस्त्यात झालेला असतो. निघण्याआधी साखर तपासणे, बाळ कोरडे करून टोपी घालणे, तब्येत स्थिर असेल तर आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधणे आणि पुढच्या डॉक्टरांना फोन करून खाट असल्याची खात्री करणे, हे आजपासून करता येते. त्याला नव्या इमारतीची वाट पाहायची गरज नाही.

— बालआरोग्य क्षेत्रात काम करणारे डॉक्टर व परिचारिका, नांदेड