‘मेंढपाळ’ या शब्दापासून सुरुवात

चियांग माई, थायलंड
17 ऑगस्ट

ती. वहिनी,

प्रभू येशूच्या नावाने सलाम. आईला आणि दादाला सांगा, इकडे सगळं ठीक आहे, पावसाळा अजून महिना-दोन महिने चालेल.

घरात इंग्रजीचं वारं नाही अशा मुलांना सगळे विषय इंग्रजीतून कसे शिकवता, आणि बायबलचा तास त्यात कसा बसवता, असं तुम्ही विचारलंत. तुमचा तिसरीचा वर्ग आता सेमी-इंग्रजी झाला आहे, तेव्हा प्रश्न आपला दोघींचा एकच आहे. उत्तरही एकच: तास गणिताचा असो, विज्ञानाचा असो की शास्त्रपाठाचा, आधी तो भाषेचा तास असतो. हे विसरलं की मूल मान डोलावतं, वही भरते आणि डोक्यात काही उरत नाही.

वर्ग कसा असतो ते आधी सांगते. साधारण 18 मुलं. थाई, कोरियन, चिनी, आणि थोडी अमेरिकन मिशनरी घरांतली. घरी इंग्रजी बोलणारी त्यातली चार-पाचच. आमच्यासारख्या ख्रिस्ती आंतरराष्ट्रीय शाळा मुळात मिशनऱ्यांच्या मुलांसाठी निघाल्या. आपल्याकडचं मसुरीचं वुडस्टॉक 1854 चं आणि कोडाईकनालची शाळा 1901 ची, तीही त्याच पठडीतली. पुढे इंग्रजी शिक्षणासाठी इतर घरांतली मुलं येऊ लागली. इथल्या बऱ्याच थाई मुलांची घरं बौद्ध आहेत. ही गोष्ट शास्त्रपाठाच्या तासाला क्षणभरही विसरून चालत नाही.

स्तोत्र 23 चंच घ्या. शाब्बाथ शाळेत आपण सगळ्यांनी ते सुवर्णवचन म्हणून पाठ केलं: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ मराठीत अर्थ लख्ख आहे. जुन्या इंग्रजी भाषांतरात मात्र दुसरा भाग ‘आय शॅल नॉट वॉन्ट’ असा येतो. ‘वॉन्ट’ म्हणजे ‘हवं असणं’ एवढंच ठाऊक असलेलं मूल त्याचा अर्थ लावतं, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, तो मला नको.’ आणि हे ते मोठ्या आवाजात, अगदी बिनचूक म्हणून दाखवतं! म्हणून तिसरीपर्यंत सोप्या इंग्रजीतलं न्यू इंटरनॅशनल रीडर्स व्हर्जन वापरावं. त्यात तिथे ‘मला लागेल ते सगळं तो देतो’ अशा अर्थाचं साधं वाक्य आहे. जुनं भाषांतर सुंदर आहे, ते पाचवीत दाखवता येतं.

एका वचनाला एक आठवडा, रोज 15 मिनिटं. सोमवारी वचन फळ्यावर येतच नाही. त्या दिवशी फक्त वस्तू आणि चित्रं: मेंढी, मेंढपाळ, काठी, हिरवं कुरण, संथ पाणी. शहरातल्या कोरियन किंवा थाई मुलाने मेंढ्यांचा कळप पाहिलेलाच नसतो, ‘शेपर्ड’ हा त्याच्यासाठी नुसता आवाज. तुमचं बरं आहे. दिवाळीनंतर धनगरांचे कळप रस्त्याने कोकणाकडे निघतात, ते तुमच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असतात. मंगळवारी पाचच शब्द, प्रत्येकाला एक हावभाव. पाचापेक्षा जास्त घेतले की शुक्रवारपर्यंत दोनसुद्धा राहत नाहीत. बुधवारी वचन फळ्यावर, हावभावांसकट. गुरुवारी वाक्याच्या कागदी पट्ट्या कापून जोडीजोडीला देते आणि त्यांनी त्या क्रमाने लावायच्या. शुक्रवारी पाठांतर ऐकते, पण त्याआधी प्रत्येकाने चित्र काढून किंवा स्वतःच्या भाषेत शेजाऱ्याला सांगून अर्थ दाखवायचा. कोरियन मुलाने कोरियनमध्ये सांगितलेलं मला कळत नाही, पण वर्गात दुसरं कोरियन मूल असतं, ते मान हलवतं किंवा दुरुस्त करतं. मातृभाषेत अर्थ पक्का झाला की इंग्रजी शब्द त्यावर बसायला वेळ लागत नाही. वर्गात मातृभाषा बंद करणारे शिक्षक मला चुकीचे वाटतात, मग ते इथले असोत की आपल्याकडचे.

सामूहिक पाठांतराचा धोका तुम्हाला माहीतच आहे. 18 जणांच्या सुरात सहा जण नुसते ओठ हलवतात. म्हणून एकत्र म्हणून झालं की अर्ध्या वर्गाने म्हणायचं, अर्ध्याने ऐकायचं, मग जोड्या. आणि एक पथ्य कडक पाळावं: शास्त्रपाठाचे गुण समजुतीला द्यावेत, श्रद्धेला कधीच नाही. ‘ख्रिस्ती लोक असं मानतात’ हे वाक्य बौद्ध घरातलं मूल निर्धास्तपणे लिहू शकतं. ‘मी असं मानतो’ हे त्याच्याकडून लिहून घेणं म्हणजे त्याला खोटं बोलायला शिकवणं. प्रार्थनेच्या वेळी शांत बसण्याची मुभा प्रत्येकाला असते.

आता वाचन, तुमच्या खऱ्या अडचणीचा भाग. आपल्या मुलांना अक्षर आणि आवाज एकच वाटतो, कारण क हा क च म्हणतो. हे भांडवल आहे, ते वाया घालवू नका. ‘ए, बी, सी, डी’ ही नावं आधी पाठ करून घेतली की मूल ‘सी-ए-टी’ म्हणतं आणि त्यातून ‘कॅट’ कुठून आलं हे त्याला कळत नाही. नावं मागे ठेवा, आवाज पुढे. पहिले सहा आवाज: स्, ॲ, ट्, प्, इ, न्. या सहांतच सॅट, पिन, टॅप, नॅप, सिट, टिन असे वीसेक शब्द होतात आणि दुसऱ्या आठवड्यात मूल स्वतः वाचतं. रोज 20 मिनिटं: जुने आवाज 3 मिनिटं, नवा आवाज 5, शब्द जोडणं 7, पाटीवर लिहिणं 5. जोडताना आवाजाला ‘अ’ चिकटू देऊ नका. ‘स्ऽऽ-ॲ-ट्’ असं ताणून म्हटलं तर ‘सॅट’ होतं, ‘स-अ-ट’ म्हटलं तर होत नाही. आपल्या बाराखडीत व्यंजनात ‘अ’ असतोच, म्हणून मराठी शिक्षकांकडून हीच चूक सगळ्यात जास्त होते. पाय मोडून म्हणायची सवय आधी आपल्या तोंडाला लावावी लागते.

कोणाच्या चुका कुठल्या, हे मुलाच्या घरच्या भाषेवरून आधीच सांगता येतं. थाईत शब्दाच्या शेवटी ‘स्’ आणि ‘ल्’ उच्चारतच नाहीत, म्हणून ‘बस’ची ‘बत’ आणि ‘बॉल’चा ‘बॉन’ होतो. ‘श’ नाही, तेव्हा ‘शीप’चं ‘चीप’ होतं. मेंढी आणि स्वस्त यांत फरक उरत नाही. कोरियन मुलाला ‘फ’ जड जातो, ‘फिश’चं ‘पिशी’ होतं, शिवाय र आणि ल यांची अदलाबदल. आपल्याकडे इंग्रजीतले दोन्ही ‘व’ (व्ही आणि डब्ल्यू) एकच. उपाय बोलण्यापासून सुरू होत नाही, ऐकण्यापासून होतो. दोन चित्रं, एक मेंढीचं, एक कोंबडीच्या पिल्लाचं. मी ‘शीप’ किंवा ‘चिक’ म्हणायचं आणि मुलांनी बोट ठेवायचं. दहापैकी नऊ वेळा बरोबर बोट गेलं की मगच त्यांना बोलायला लावायचं. कानाला फरक कळला नसेल तर जिभेला दहा वेळा दुरुस्त करून काही होत नाही. आणि मूल काही मनापासून सांगत असेल, विशेषतः प्रार्थनेची विनंती, तेव्हा उच्चार मुळीच सुधारू नये.

लिहिताना आणखी एक. थाई लिपी आपल्याच लिपीची लांबची बहीण आहे, तिचा क्रमही क-ख-ग-घच्याच वळणाचा, स्वरचिन्हंही अक्षराच्या पुढे-मागे, वर-खाली. पण तिच्यात शब्दाशब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. म्हणून थाई मुलांचं इंग्रजी वाक्य एका दमात लिहिलेलं येतं. दर शब्दानंतर आइसक्रीमची काडी आडवी ठेवून पुढचा शब्द लिहायचा, तीनेक आठवड्यांत हात बसतो.

कोणतं पुस्तक कोणाला द्यायचं याचा अंदाज करू नये, मोजावं. 100 शब्दांचा न पाहिलेला उतारा मुलाकडून वाचून घ्या. आपल्या प्रतीवर बरोबर शब्दाला टिक, चुकलेल्याला रेघ. स्वतःहून सुधारलं तर ती चूक धरू नका. 95 किंवा जास्त बरोबर आले तर ते पुस्तक मूल एकट्याने वाचेल. 90 ते 94 असतील तर तुमच्या सोबतीने. त्याखाली गेलं तर पुस्तक बदला. एका मुलाला पाच मिनिटं लागतात, दिवसाला दोन मुलं घेतली तर दोन आठवड्यांत वर्ग होतो. तुमच्याकडे पट जास्त असेल तर आधी मागे पडलेली दहा घ्या. मात्र नंतर तीन प्रश्न विचाराच, कारण 98 शब्द बरोबर वाचून एकाचाही अर्थ न कळलेली मुलं असतात. खूप शिकवण्या लावलेल्या घरांत ती हमखास भेटतात.

प्रश्न विचारल्यावर थांबणं ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड गोष्ट. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं होतं की शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि चांगली येतात. दुसऱ्या भाषेतलं मूल प्रश्न आधी आपल्या भाषेत नेतं, उत्तर शोधतं आणि परत आणतं. त्याला पाच सेकंदही कमी पडतात. मनात पाच अंक मोजा. नवीन आलेलं मूल काही महिने अजिबात बोलत नाही, तेही चालतं. त्याला बोट दाखवायचं, चित्र काढायचं, हो-नाही करायचं काम द्या. खेळण्याबोलण्यापुरती भाषा एक-दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात, हे कॅनडाचे भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी मांडलं आहे. मैदानावर फडाफडा बोलणारं पोर विज्ञानाच्या पेपरात अडलं की त्याला आळशी ठरवतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

गणितात आमची गंमत उलटी आहे. थाई, चिनी आणि कोरियनमध्ये 25 म्हणजे ‘दोन-दहा-पाच’, त्यामुळे दशक-एकक मुलांना बोलण्यातूनच कळलेलं असतं. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ आणलं तेव्हा किती ओरड झाली होती. त्यामागचा विचार हाच होता आणि मला तो पटतो. या मुलांचं घोडं अडतं ते ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ ऐकताना, आणि पुढे मोठ्या संख्यांत. कोरियन आणि चिनीत दहा हजारांचा वेगळा गठ्ठा असतो, इंग्रजीत हजारांचा, म्हणून स्वल्पविराम चुकतो. थाईत तर आपल्या लाखासाठीही स्वतंत्र शब्द आहे. शाब्दिक उदाहरणांत ‘मोर’ (म्हणजे ‘जास्त’) हा इंग्रजी शब्द दिसला की मुलं बेरीज करतात, मग प्रश्न ‘किती जास्त’ असा वजाबाकीचा का असेना. त्यावर उपाय: आकडे कागदाने झाकून उदाहरण एकदा वाचायचं आणि गोष्ट काय आहे ते सांगायचं; दुसऱ्यांदा विचारलंय काय ते; तिसऱ्यांदा आकडे उघडायचे. मराठी माध्यमातही हे जसंच्या तसं चालेल.

इथल्या रीतीचं थोडं. सकाळी आठला थाई राष्ट्रगीत, सगळी मुलं ताठ उभी. आपण कौतुकाने डोक्यावरून हात फिरवतो, तसं इथे करू नये. डोकं पवित्र मानतात, परक्याने हात लावलेला आवडत नाही. कौतुक शब्दांनी करावं. फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं पेटतात, धुराने हवा इतकी बिघडते की मधली सुट्टी वर्गात घ्यावी लागते. त्या दिवसांसाठी बसल्या जागी खेळायचे दहा खेळ आधीच लिहून ठेवलेले बरे, नाहीतर दुपारी दोननंतर वर्ग हातात राहत नाही.

धाकटीला इकडे यायचं आहे म्हणालात. तिला सांगा, नुसत्या डी.एल.एड.वर जमणार नाही. पदवी हवीच, बी.एड. असलं तर उत्तम. त्याशिवाय व्हिसा, कामाचा परवाना आणि थाई शिक्षक परिषदेची मान्यता. पोलिसांचा चारित्र्याचा दाखलाही लागतो. अशा बऱ्याच शाळांत पगार बेताचा असतो, कित्येक शिक्षक आपल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, देणगीवर येतात. पैशासाठी यायचं असेल तर ही जागा नव्हे, हे तिला आत्ताच सांगा.

एक काम आहे. स्तोत्र 23 चा आठवडा नोव्हेंबरात येतो. त्याआधी गावाजवळून मेंढ्या जातील तेव्हा दादाला कळपाचा फोटो काढायला सांगा, मेंढपाळ पुढे की मागे ते दिसलं पाहिजे. त्याच्या हातातल्या आकडीचा आणि काठीचा वेगळा फोटो, जवळून. स्तोत्रात दोन्ही आहेत आणि मुलांना त्यातला फरक चित्राने कळत नाही. घोंगडीचा वीतभर तुकडा मिळाला तर पाकिटात घाला. त्याचा वास आणि खरखर, दोन्ही मुलांना कळू दे.

तुमची नणंद