सांगोल्याच्या मतदारसंघाबद्दल, विनायकला

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

सांगोला म्हटलं की तुला 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' एवढंच आठवतं, असं तू लिहिलंस. साहजिक आहे. २०२२ साली शहाजीबापू पाटलांचं गुवाहाटीहून झालेलं ते फोनवरचं बोलणं अख्ख्या महाराष्ट्राने ऐकलं आणि सगळे हसले. मला मात्र तेव्हाच वाटलं, आसामची झाडी बघून एवढा हरखणारा आमदार सांगोल्याचाच असणार. तुम्हा कोकणातल्या लोकांना झाडीचं काय अप्रूप!

नकाशा काढ. सोलापूर जिल्ह्याच्या नैऋत्य कोपऱ्यात हा तालुका आहे. पश्चिमेला आटपाडी, दक्षिणेला जत आणि कवठेमहांकाळ, पूर्वेला मंगळवेढा, उत्तरेला पंढरपूर आणि माळशिरस. सह्याद्रीने पाऊस अडवल्यावर जे उरतं ते इथे. माण नदी साताऱ्यातून निघते, आटपाडीवरून सांगोल्यात येते आणि पुढे पंढरपूरच्या खाली भीमेला मिळते. पण वर्षातले बरेच महिने ती नदी कमी आणि वाळूचा पट्टा जास्त असते. उत्तरेला महूदच्या बाजूला नीरा उजव्या कालव्याचं शेपूट पोचतं. बाकी भिस्त विहिरींवर, तलावांवर आणि आता टेंभू-म्हैसाळ योजनांनी कृष्णेतून उपसून आणलेल्या पाण्यावर. खिलार जनावरं आणि मेंढरं हे इथलं जुनं धन. मतदारसंघात सगळा सांगोला तालुका येतो, शिवाय पंढरपूर तालुक्यातली भाळवणी भागातली काही गावं. लोकसभेला हा भाग आधी पंढरपुरात होता, २००९ पासून माढ्यात आहे.

आता तुझा खरा प्रश्न. शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप, बाकी महाराष्ट्रातून जवळपास पुसला गेला, मग इथेच कसा टिकला? 'गणपतराव देशमुखांच्या साधेपणामुळे' हे उत्तर तू वाचलं असशीलच. एसटीने फिरणारा आमदार वगैरे. ते खरं आहे, पण मला अपुरं वाटतं. साधी माणसं काय थोडी पडली निवडणुकीत?

गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकिली करायला सांगोल्यात आले आणि १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले. १९६७ ला पुन्हा. १९७२ ला हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, मग १९९० पर्यंत हललेच नाहीत. १९९५ ला हरले, १९९९ ते २०१४ सलग जिंकले. एकूण ११ वेळा, एकच मतदारसंघ, एकच पक्ष. हा देशातला विक्रम म्हणून मिरवला जातो. महाराष्ट्रातला आहेच, पण केरळात पालाचे के. एम. मणी एकाच मतदारसंघातून याहून जास्त वेळा निवडून आले होते, हे आपले लोक सोयीने विसरतात.

माझ्या मते शेकापचा लाल बावटा टिकला तो तीन गोष्टींवर. एक, रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडायला गेले आणि पुढे मागेल त्याला काम हा कायदाच झाला. अशा तालुक्यात हमीच्या कामासाठी विधानसभेत भांडणारा आमदार म्हणजे घरात भाकरी, इतका सरळ हिशेब. दुसरी, शेतकरी सहकारी सूतगिरणी. साखर कारखानदारांच्या जिल्ह्यात उसाशिवाय उभी राहिलेली सत्ता ती हीच. तिसरी, पाणी परिषद. नागनाथअण्णा नायकवडींबरोबर १३ दुष्काळी तालुक्यांनी कृष्णेच्या पाण्यासाठी आटपाडीत परिषदा भरवल्या. वर्षानुवर्षं त्याच मागण्या, तीच भाषणं. गणपतरावांना मंत्रिपद दोनदा मिळालं, पण सांगोल्यात त्याची फारशी कुणी आठवण काढत नाही, पाण्याची काढतात.

आणि हे सगळं असूनही हा कधी निवांत मतदारसंघ नव्हता. हे बाहेरच्यांना कळत नाही. १९९५ ला शहाजीबापू काँग्रेसकडून जिंकले ते १९२ मतांनी. अवघी १९२! नंतर हाच माणूस पुन्हा पुन्हा उभा राहिला, पडला, काँग्रेसमधून शिवसेनेत गेला, पुन्हा पडला. गणपतरावांच्या चिकाटीचं कौतुक करताना बापूंच्या चिकाटीलाही थोडी दाद द्यायला हवी. २०१९ ला गणपतराव वयामुळे थांबले, नातू अनिकेत उभे राहिले आणि बापू ७६८ मतांनी आले.

का आले? माझा अंदाज सांगतो, पटला तर बघ. १९९० ला रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि सांगोल्याच्या माळावर डाळिंब उभं राहिलं. पुढे ठिबक आणि 'भगवा' वाण. देशातली शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० ला सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला सुटली, यावरून काय ते समज. म्हणजे हमीच्या योजनेनेच हमीची गरज संपवलेली पिढी तयार केली. तेल्या आणि मर रोगाने बागा बसल्या की याच पिढीला सरकारदरबारी वजन असलेला माणूस हवा असतो, आणि शेकापकडे ते वजन उरलं नव्हतं.

३० जुलै २०२१ ला गणपतराव गेले. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख उभे राहिले. महाविकास आघाडीने सांगोला शेकापला सोडलाच नाही. ठाकरेंच्या सेनेने दीपक साळुंखेंना उभं केलं, आणि समोर बापू होतेच. तरीही बाबासाहेब २५ हजारांवर मतांनी जिंकले आणि आज विधानसभेत शेकापचे ते एकटेच. लोक म्हणतात आबासाहेबांची, म्हणजे गणपतरावांची, पुण्याई. मला तिरंगी लढतीत झालेली मतविभागणीही तितकीच दिसते. आणि नातवाचं येणं खटकतंही. घराणेशाहीला शिव्या घालत वाढलेला पक्ष अखेर एका घराच्या ओसरीवर येऊन बसला, हे तुझ्यामाझ्यासारख्या जुन्या समाजवाद्यांना गिळायला जड जातं.

हल्ली टेंभूचं पाणी माणेच्या पात्रात सोडतात. बंधारे भरले की त्याचं श्रेय कुणाचं, यावर दोन्ही गट भांडतात. पुढची निवडणूक याच भांडणावर होणार असं मला वाटतं. तुझ्या वाडीकडे कशावर होते, ते सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मधू