कुंभाच्या डॉक्टरबाईंना

डॉक्टरबाई,
सप्रेम नमस्कार.

गेल्या चवथीची रात्र. गोव्यात साखळीला आमच्या घरी आरती आटोपून वाजवायची घुमटं नुकतीच बाजूला ठेवली होती आणि अंगणात आमचा कुत्रा कुंभा मान खाली घालून ओकाऱ्या काढत होता. नुसत्याच ओकाऱ्या, चिकट फेसापलीकडे बाहेर काही नाही. पाहुण्यांच्या गडबडीत त्याला दिवसभराचं जेवण रात्री एकदमच वाढलं गेलं, ते त्याने दोन मिनिटांत गिळलं आणि लगेच पोरांच्या मागे अंगणभर धावला. आम्ही म्हटलं, अपचन. कोणी ओव्याचं पाणी सुचवलं, कोणी सोडा. 'सकाळी बघू' हे मात्र सगळ्यांनीच.

तुम्ही फोनवर औषध सांगितलं नाहीत. विचारलंत, "पोटावर टिचकी मारा. कसं वाजतं?"

मारली. घुमटासारखं वाजलं.

"आता ओठ वर करून हिरडी दाबा, सोडा. गुलाबी होते?"

मोबाइलच्या उजेडात बघितलं. बोटाखालचा पांढरा डाग जागचा हलायला तयार नव्हता.

"तोंडातून काही देऊ नका. आत्ता निघा. मी दवाखाना उघडते."

बासष्ट किलोचा ग्रेट डेन उचलायचा कसा, हा प्रश्न आईने सोडवला. आपली वाकळ आणून अंथरली. चार कोपरे चौघांनी धरले आणि तो शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये चढला. पाऊस कोसळत होता. डिचोली, अस्नोडा, म्हापसा... वाटेत मी त्याचे कान धरून बसलो होतो, ते गार पडत चालले होते.

तुम्ही बरगड्यांमागचे केस भादरले आणि जाड सुई घातलीत. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा आवाज आला आणि खोलीभर आंबूस वास. कुंभाने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यावर सुटलो असं मला वाटलं. खरं काम तर पुढेच होतं.

पहाटे ऑपरेशन संपल्यावर चिठ्ठीच्या पाठीवर पिशवीचं चित्र काढून तुम्ही समजावलंत. जठर वायूने फुगतं आणि स्वतःभोवती पिळवटतं, मग दोन्ही तोंडं बंद. फुगलेलं पोट मोठ्या शिरेवर दाब देतं, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, जठराची भिंत मरू लागते. खोल, अरुंद छातीच्या मोठ्या कुत्र्यांना हे जास्त, आणि ग्रेट डेन त्यात सर्वांत पुढे. म्हणून तुम्ही जठर नुसतं सरळ करून थांबला नाहीत, पोटाच्या उजव्या भिंतीला शिवून टाकलंत. नाहीतर ते पुन्हा पिळवटण्याची भीती फार. नंतरचे तीन दिवस हृदयाचे ठोके बिघडू शकतात म्हणून त्याला ठेवूनही घेतलंत. मला तेव्हा ते जास्तीचं वाटलं होतं. दुसऱ्या रात्री ठोके खरंच चुकले, तुम्ही तिथेच होता.

एक गोष्ट सांगायला अजून लाज वाटते. पिल्लू विकणाऱ्याने सांगितलं म्हणून मी सुताराकडून फणसाच्या लाकडाचं उंच स्टूल करून घेतलं होतं, कुंभाच्या ताटासाठी. उंचावर खाल्लं की पोट फुगत नाही म्हणे. तुम्ही अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचा 2000 सालचा अभ्यास सांगितलात: उंच ठेवलेल्या भांड्यातून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत धोका उलट वाढलेला आढळला. आता त्या स्टुलावर आईची अबोलीची कुंडी आहे. ताट जमिनीवर, जेवण तीनदा थोडं थोडं, आणि नंतर तासभर कुंभाला बांधून ठेवतो. तो कुरकुरतो. कुरकुरू दे.

बिल मी हप्त्यांनी फेडलं, तुम्ही एकदाही आठवण केली नाहीत. वाकळ तुमच्याकडेच राहिली. आई म्हणते, परत नको, पुढच्या कोणाला तरी लागेल.

यंदा चवथीला आरतीला या. तुमच्या वाटच्या नेवऱ्या डब्यात घालून कपाटाच्या माथ्यावर ठेवतो. टेबलावर काही ठेवायची सोय आमच्या घरात राहिलेली नाही, त्याचं नाक तिथे आरामात पोहोचतं.

तुमचा,
कुंभाचा मालक, साखळी